जपानी ॲनिमेची वंशावळ : साधनांच्या आधारें एक तपासणी

१. प्रश्नाचें स्वरूप

जपान देशांत हातानें काढलेल्या चित्रांचे जे चलच्चित्रपट निघतात त्यांस आज जगभर 'ॲनिमे' ह्या नांवानें ओळखतात. ह्या कलेचा पसारा आतां एवढा वाढला आहे कीं, तिचा अभ्यास करणाऱ्यांचा एक स्वतंत्र वर्गच निर्माण झाला असून विश्वविद्यालयांतून तिच्यावर प्रबंध लिहिले जातात. कोणतीहि कला प्रतिष्ठा पावली म्हणजे तिला जुने पूर्वज शोधून देण्याची खटपट सुरू होते. राजघराण्यांचें जें होतें तेंच कलांचेंहि होतें. ॲनिमेचे मूळपुरुष म्हणून बाराव्या शतकांतील चित्रगुंडाळ्या पुढें करण्यांत येतात, त्या ह्याच रीतीनें.

ताकाहाता इसाओ (इ. स. १९३५–२०१८) ह्या प्रख्यात दिग्दर्शकानें इ. स. १९९९ मध्यें ह्या विषयावर एक ग्रंथच प्रसिद्ध केला. त्या ग्रंथाच्या नांवाचा अर्थ 'बाराव्या शतकांतील ॲनिमेशन' असा आहे. ग्रंथकर्ता स्वतः कसलेला कलावंत असल्यामुळें जुन्या चित्रांची त्यानें केलेली फोड फार मार्मिक उतरली आहे. परंतु त्यानें दाखविलेल्या साम्याचा इतरांनीं सरळ वंशसंबंध करून टाकला, आणि ॲनिमेचा जन्म आठशें वर्षांपूर्वींचा, अशीं विधानें आतां लोकप्रिय पुस्तकांतून बिनदिक्कत येतात. दोन माणसांचे चेहरे सारखे दिसले म्हणजे तीं एका घराण्यांतलीं ठरत नाहींत; त्याला कागद लागतो. तो कागद ह्या प्रकरणीं आहे कीं नाहीं, असल्यास कोणत्या तारखेचा आहे, एवढेंच ह्या लेखांत पाहावयाचें आहे. जपानी नांवें त्या देशाच्या रिवाजाप्रमाणें आडनांव आधीं घालून दिलीं आहेत.

तपासणीसाठीं आम्हीं तीन कसोट्या धरिल्या आहेत. वंशावळ सांगणाऱ्यानें मधले पुरुष दाखविले पाहिजेत, ही पहिली. कारागिरांची गुरुपरंपरा त्या वंशाशीं जुळली पाहिजे, ही दुसरी. आणि कलेचें जें विशेष लक्षण वारशाचें म्हणून सांगितलें जातें त्याला दुसरें जवळचें कारण नाहीं, असें दिसलें पाहिजे, ही तिसरी.

२. चित्रगुंडाळ्या

प्रथम ह्या गुंडाळ्या म्हणजे काय तें सांगितलें पाहिजे. जपानींत त्यांस 'एमाकी' म्हणतात. कागदाचे ताव एकापुढें एक चिकटवून केलेली ही लांबच लांब पट्टी असते. ती जमिनीवर ठेवून डाव्या हातानें उलगडावयाची व उजव्या हातानें गुंडाळावयाची. त्यामुळें कोणत्याहि क्षणीं वाचकापुढें हात-दीड हाताचाच भाग उघडा असतो. चित्र उजवीकडून डावीकडे सरकत जातें आणि त्याबरोबर कथाहि सरकते. आपल्याकडील जन्मपत्रिकेची गुंडाळी ज्यांनीं हाताळली आहे त्यांस ही रीत चटकन ध्यानांत येईल.

क्योतोजवळील कोझान-जी ह्या मठाच्या मालकीच्या 'चोजु-जिम्बुत्सु-गिगा' नांवाच्या चार गुंडाळ्या ह्या वर्गांत सर्वांत प्रसिद्ध आहेत. बेडूक, ससे व माकडें ह्यांचीं माणसांसारखीं कुस्त्या खेळणारीं व पूजाअर्चा करणारीं चित्रें तींत शाईच्या नुसत्या रेषेनें काढलेलीं आहेत. पहिली गुंडाळी सुमारें एक फूट रुंद व ११ मीटरांहून अधिक लांब आहे. चारींत मजकुराचें एक अक्षरहि नाहीं. परंपरेनें ह्यांचा कर्ता तोबा सोजो (इ. स. १०५३–११४०) नांवाचा धर्माधिकारी मानतात, परंतु पहिल्या दोन गुंडाळ्या बाराव्या शतकांतील व पुढच्या दोन तेराव्या शतकांतील ठरत असल्यानें चारी त्याच्या हातच्या असणें शक्य नाहीं. तिसऱ्या गुंडाळीची कथा तर आमच्या संग्राहक वाचकांस विशेष उद्बोधक वाटेल. इ. स. २००९ पासून चार वर्षें ह्या गुंडाळ्यांची दुरुस्ती चालू असतां शाईच्या खुणांवरून असें उघड झालें कीं, तिच्यांतील माणसांचीं चित्रें व जनावरांचीं चित्रें मुळांत एकाच कागदाच्या दोन बाजूंस होतीं. पुढें कोणी तरी तो कागद पापुद्रा काढावा तसा दुभंगून दोन्ही भाग एकापुढें एक जोडले. म्हणजे आज जो क्रम आपण चित्रकाराच्या योजनेचा म्हणून पाहतों, तो ह्या ठिकाणीं मागाहून जोडणाऱ्याचा आहे.

साम्याचा खरा आधार दुसऱ्या दोन गुंडाळ्यांत आहे, आणि तो आम्ही मोकळेपणानें मान्य करितों. 'शिगिसान एन्गी' ह्या बाराव्या शतकांतील तीन गुंडाळ्यांच्या संचांत म्योरेन नांवाच्या साधूची कथा आहे. त्याची वृद्ध बहीण त्याला शोधीत नारा येथील तोदाइ-जी मंदिरांत येते व महाबुद्धाच्या मूर्तीपुढें रात्र काढते. चित्रकारानें मंदिर एकदांच काढलें आहे, परंतु त्या एकाच दालनांत ती बाई अनेकदां काढली आहे : येतांना, प्रार्थना करितांना, निजलेली आणि पहांटे निघतांना. 'बान दाइनागोन' ह्या गुंडाळ्यांत इ. स. ८६६ मधील ओतेनमोन दरवाजाच्या आगीची हकीकत आहे. तींत दोन मुलांच्या भांडणाच्या प्रसंगीं धांवत येणारा बाप, त्यानें दुसऱ्या मुलाला मारलेली लाथ आणि स्वतःच्या मुलाला ओढून नेणारी आई हीं एकाच जागेभोंवतीं क्रमानें काढलेलीं आहेत. काळ चित्रांत पकडण्याची ही युक्ति असामान्य आहे ह्यांत शंका नाहीं. तथापि येथें चित्र स्थिर राहतें आणि नजर व हात हालतात. चलच्चित्रपटांत नजर एका जागीं राहते व चित्रें तिच्यापुढून एका ठराविक वेगानें बदलतात. दोहोंची यंत्रणा भिन्न आहे.

३. मधले पुरुष

बाराव्या शतकापासून विसाव्यापर्यंत आठशें वर्षें होतात. ह्या अवधींत कोणते दुवे सांपडतात ?

अठराव्या शतकांत ओसाका शहरांत लांब हातापायांच्या विनोदी माणसांचीं चित्रें छापून विकली जाऊं लागलीं. त्यांस 'तोबा-ए' म्हणजे तोबाचीं चित्रें असें नांव पडलें. नांवावरून पाहतां हा दुवा मोठा भरंवशाचा वाटतो. परंतु चित्रें ताडून पाहिलीं म्हणजे कोझान-जी येथील बेडूक-सशांची रेषा तींत आढळत नाहीं. प्रतिष्ठित पूर्वजाचें नांव धंद्यासाठीं घेतलें गेलें, एवढेंच त्यावरून सिद्ध होतें. नांव चालू राहिलें म्हणजे रक्त चालू राहिलें असें नव्हे, हें आपल्याकडील किताबांच्या इतिहासावरून वाचकांस ठाऊकच आहे.

दुसरा दुवा दिव्याचा. इ. स. १८०३ मध्यें एदो शहरांत, म्हणजे आजच्या तोक्योंत, 'उत्सुशि-ए' ह्या नांवाचे खेळ सुरू झाले. लाकडी पेटींत दिवा ठेवून कांचेवर रंगविलेलीं चित्रें कागदी पडद्यावर मागून पाडावयाचीं, आणि हलक्या पेट्या हातांत धरून अनेक खेळगड्यांनीं पडद्यामागें हिंडावयाचें, अशी ही रीत होती. त्यामुळें पडद्यावरचीं माणसें चालत, मोठीं-लहान होत आणि एकमेकांशीं झुंजत. युरोपांतील जादूचा कंदील डच व्यापाऱ्यांमार्फत जपानांत आला व त्याला हें देशी रूप मिळालें. हलणारें चित्र अंधारांत बसून पाहण्याची संवय जपानी प्रेक्षकास येथें लागली. सबब ॲनिमेच्या वंशावळींत ह्या खेळास स्थान आहे. आपल्याकडेहि कल्याणच्या पटवर्धन कुटुंबानें एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस 'शांबरिक खरोलिका' नांवाचे असेच कांचचित्रांचे खेळ केले होते. परंतु तेवढ्यावरून पटवर्धन हे एदोच्या खेळगड्यांचे शिष्य ठरत नाहींत. एकच यंत्र दोन देशांत गेलें आणि दोन्हीकडे त्याला देशी कथा मिळाल्या, एवढाच त्याचा अर्थ.

४. पन्नास चित्रांची पट्टी

इ. स. २००५ मध्यें क्योतो येथें एका जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याकडून आलेल्या सामानांत, कांहीं प्रक्षेपकयंत्रें व कंदिलाच्या कांचा ह्यांच्याबरोबर, मात्सुमोतो नात्सुकि ह्या अभ्यासकास सेल्युलॉइडची एक आंखूड पट्टी सांपडली. तिच्यावर अवघीं ५० चित्रें आहेत. खलाशी पोषाख केलेला एक मुलगा पाठमोरा उभा राहून 'कात्सुदो शाशिन' म्हणजे 'हलती छायाचित्रें' हीं अक्षरें लिहितो, मग प्रेक्षकांकडे वळतो, टोपी काढतो आणि नमस्कार करितो. सेकंदास १६ चित्रें ह्या वेगानें हा सर्व प्रकार तीन सेकंदांत आटोपतो. पट्टीचीं दोन्ही टोंकें जोडून ती चक्राकार फिरवीत.

ह्या पट्टीवर कर्त्याचें नांव नाहीं, सन नाहीं, कारखान्याचा शिक्का नाहीं. अशा वेळीं वस्तूलाच बोलतें करावें लागतें. चित्रें छायायंत्रानें घेतलेलीं नसून छिद्रपाट ठेवून काळ्या व तांबड्या रंगांत सेल्युलॉइडवर थेट छापलेलीं आहेत. कापडावर व कागदावर असा छाप मारण्याची कला जपानांत जुनी होती. उलटपक्षीं, घरगुती खेळण्यांसाठीं शिळाछापाच्या चक्राकार पट्ट्या करण्याचा धंदा जर्मनींत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झाला होता. ह्या सर्वांवरून पट्टीचा काळ साधारणतः इ. स. १९०७ ते १९१२ च्या दरम्यान धरितात. म्हणजे जपानांतील सर्वांत जुनें म्हणून जें हलतें चित्र आज हातीं आहे, त्याचा नमुना परदेशी खेळण्याचा, छापण्याची रीत देशी आणि मुलाचा पोषाख विलायती आहे. बाराव्या शतकाची खूण तींत कोठेंहि नाहीं.

५. सन १९१७

चित्रगृहांत दाखविण्याजोगे रेखाचित्रपट जपानांत इ. स. १९१७ पासून निघूं लागले. त्याआधीं कांहीं वर्षें परदेशी रेखाचित्रपट तोक्योंत येत असत व त्यांस 'देकोबो शिन्गाचो', म्हणजे खोडकर मुलाची नवी चित्रवही, असें एक सर्वसामान्य नांव पडलें होतें. त्यांस गर्दी लोटते असें पाहून तीन चित्रपट-कंपन्यांनीं तीन चित्रकारांस एकाच वेळीं कामास लाविलें. तेन्कात्सु कंपनीनें शिमोकावा ओतेन (इ. स. १८९२–१९७३) ह्यास, कोबायाशि कंपनीनें कोउचि जुन्इचि (इ. स. १८८६–१९७०) ह्यास, आणि निक्कात्सु कंपनीनें कितायामा सेइतारो (इ. स. १८८८–१९४५) ह्यास घेतलें.

आतां ह्या तिघांची गुरुपरंपरा पाहूं. शिमोकावा हा किताझावा राकुतेन ह्या व्यंगचित्रकाराचा शिष्य. राकुतेनानें इ. स. १९०५ मध्यें 'तोक्यो पक' हें नियतकालिक काढलें, आणि तो स्वतः परदेशी व्यंगचित्रकाराच्या हाताखालीं शिकलेला होता. कोउचि पाश्चात्य पद्धतीची चित्रकला शिकून व्यंगचित्रांकडे वळला. कितायामा पाश्चात्य पद्धतीचा चित्रकार असून त्याच पद्धतीच्या कलेला वाहिलेलें एक मासिक चालवीत असे. दुसऱ्या कसोटीचा निकाल येथें स्पष्ट लागतो. ह्या कलेच्या तिन्ही आद्य पुरुषांचें शिक्षण गुंडाळ्यांच्या चित्रशाळेंत झालेलें नाहीं.

कामाची रीतहि तेंच सांगते. शिमोकावानें इ. स. १९३४ मध्यें लिहिलेल्या आठवणींत, प्रारंभीं आपण फळ्यावर खडूनें चित्र काढून, त्याचें छायाचित्र घेऊन, थोडा भाग पुसून पुन्हां काढीत होतों असें सांगितलें आहे. पुढें त्यानें पार्श्वभूमि छापलेले कागद वापरले. ह्या रीती इतरत्र रूढ होत्या त्याच होत. एमिल कोल ह्या फ्रेंच चित्रकारानें इ. स. १९०८ पासून जे प्रयोग केले त्यांचे पडसाद सर्व जगभर उमटले. दादासाहेब फाळके ह्यांनीं इ. स. १९१५ च्या सुमारास काड्या एकेक जागेवरून हलवून केलेली 'आगकाड्यांची मौज' ही त्याच लाटेंतली. ती आज उपलब्ध नाहीं. शिमोकावाचा तर एकहि चित्रपट शिल्लक नाहीं.

पहिला चित्रपट कोणता, ह्या वादाची हकीकत साधनचिकित्सेच्या दृष्टीनें मनोरंजक आहे. पुष्कळ वर्षें शिमोकावाचा 'इमोकावा मुकुझो' हा जानेवारी १९१७ मधील चित्रपट पहिला मानीत असत. परंतु 'किनेमा रेकॉर्ड', 'कात्सुदो नो सेकाई' इत्यादि समकालीन मासिकें व जाहिराती बारकाईनें ताडून पाहतां तो त्या वर्षाच्या एप्रिलांत दाखविला गेला असून त्यापूर्वीं त्याच हातचे दुसरे चित्रपट लागून गेले होते असें निघालें. सतरा वर्षांनीं लिहिलेल्या आठवणीपेक्षां त्या महिन्याची जाहिरात बलवत्तर, हा बखर आणि पत्र ह्यांतला जुना न्याय येथेंहि लागू पडला.

कोउचीचा 'नामाकुरा-गाताना', म्हणजे 'बोथट तलवार', हा ३० जून १९१७ चा चित्रपट मात्र वांचला आहे. एक मूर्ख सामुराई तलवार विकत घेतो, तिची धार येणाऱ्या-जाणाऱ्यावर आजमावूं पाहतो आणि फजित होतो, अशी त्याची चार-एक मिनिटांची कथा आहे. हा चित्रपट 'तामेशिगिरि' आणि 'हानावा हेकोनाइ, मेइतो नो माकि' ह्याहि नांवांनीं उल्लेखिलेला सांपडतो. एकाच पोथीचीं तीन नांवें व्हावींत त्यांतला हा प्रकार. इ. स. २००७ मध्यें ओसाका येथील जुन्या वस्तूंच्या बाजारांत त्याची प्रत मात्सुमोतो ह्यांसच मिळाली. तोक्योच्या राष्ट्रीय चित्रपट केंद्रानें तिची दुरुस्ती केली व इ. स. २००८ मध्यें ती लोकांस दाखविली. तिच्याबरोबर सांपडलेली 'उराशिमा तारो'ची प्रत कितायामाच्या इ. स. १९१८ मधील चित्रपटाची म्हणून प्रसिद्ध झाली. परंतु तिच्या ओळखीविषयीं पुढें शंका उपस्थित झाली. विषय एक असला म्हणजे ग्रंथ एक होत नाहीं, हें सूत्र येथें पुन्हां आठवावें.

६. साधनांचा नाश

मधले कागद एवढे तुटक कां, ह्याचींहि कारणें सांगितलीं पाहिजेत. त्या काळची फीत अत्यंत ज्वालाग्राही द्रव्याची असे. कितायामानें इ. स. १९२१ मध्यें स्वतःची चित्रशाळा काढली होती. १ सप्टेंबर १९२३ च्या कांतो भूकंपांत लाखावर माणसें मेलीं व तोक्यो-योकोहामा जळालीं, त्यांत ती चित्रशाळा नष्ट झाली आणि तो ओसाकास निघून गेला.

दुसरें कारण व्यापाराचें. चित्रगृहांत वापरून झालेल्या प्रतींचे तुकडे करून ते घरगुती यंत्रांबरोबर खेळणीं म्हणून विकीत. मूळ चित्रपट ह्यामुळें विस्कळीत झाले. परंतु चित्रगृहांच्या प्रती नाहींशा झाल्यावर कित्येक चित्रपटांचें दर्शन आज ह्या तुकड्यांतूनच होतें. जुन्या दप्तराची रद्दी वाण्याच्या दुकानीं गेली म्हणून कांहीं कागद फाटले, आणि तेथें पडून राहिले म्हणूनच कांहीं वांचले, हा अनुभव आपल्या संशोधकांनाहि आहे. इ. स. १९२५ पासून सरकारी चित्रपटपरीक्षणाच्या याद्या मिळतात. त्यांत चित्रपटाचें नांव व लांबी नोंदलेली असल्यामुळें नष्ट झालेल्या चित्रपटांचें टांचण तरी करितां येतें.

तिसरें कारण युद्ध. सेओ मित्सुयो ह्यानें आरमारखात्याच्या आश्रयानें केलेला 'मोमोतारो : उमि नो शिन्पेइ' हा ७४ मिनिटांचा चित्रपट १२ एप्रिल १९४५ रोजीं लागला. सेल्युलॉइडच्या टंचाईमुळें युद्धकाळांत वापरलेले ताव धुऊन त्यांवर पुन्हां चित्रें काढीत. म्हणजे एका प्रसंगाचीं चित्रें दुसऱ्या प्रसंगासाठीं पुसलीं जात. शहरांवर बाँबवर्षाव चालू होता आणि मुलें खेड्यांकडे पाठविलेलीं होतीं, त्यामुळें चित्रपट फार थोड्यांनीं पाहिला. त्या थोड्यांत ओसाका येथें सोळा वर्षांचा तेझुका ओसामु होता, व त्याच्या रोजनिशींत त्याची नोंद आहे. युद्धानंतर हा चित्रपट जाळला गेला अशी समजूत होती. परंतु १९८० नंतरच्या दशकाच्या आरंभीं शोचिकु कंपनीच्या ओफुना येथील गुदामांत मूळ फीत मिळाली आणि इ. स. १९८४ मध्यें तो पुन्हां दाखविण्यांत आला.

७. सन १९६३

तिसरी कसोटी लक्षणाची. ॲनिमेंत माणसें पुष्कळदां स्तब्ध असतात, फक्त ओठ हालतात. स्थिर चित्रावरून छायायंत्र सरकत जातें. रेषेला छायेपेक्षां महत्त्व असतें. हीं लक्षणें गुंडाळ्यांचा अथवा नो नाट्याचा वारसा होय असें सांगतात.

परंतु युद्धोत्तर काळांतील मोठ्या चित्रपटांत हीं लक्षणें ठळक नाहींत. तोएइ कंपनीनें इ. स. १९५६ मध्यें चित्रशाळा काढली ती अमेरिकेंतील डिस्नेचा आदर्श डोळ्यांपुढें ठेवून, आणि तिच्या इ. स. १९५८ मधील 'हाकुजादेन' ह्या पहिल्या रंगीत दीर्घ चित्रपटांत चाल भरघोस आहे. फरक पडला तो १ जानेवारी १९६३ पासून. त्या दिवशीं तेझुकाच्या चित्रशाळेनें 'तेत्सुवान आतोमु' ही दर आठवड्याची अर्ध्या तासाची मालिका दूरचित्रवाणीवर सुरू केली. सेकंदाला फितीचीं २४ घरें जातात; भरघोस चालीला त्यासाठीं १२ ते २४ चित्रें काढावीं लागतात. तेझुकानें एक चित्र तीन घरें चालवून तीं ८ वर आणिलीं, कित्येक जागीं त्याहूनहि कमी केलीं. ओठ, डोळे व हात वेगळ्या तावांवर काढून तेवढेच बदलले. काढलेलीं चित्रें वर्गवारीनें जपून पुढील भागांत पुन्हां वापरण्यासाठीं त्यानें एक कोठारच केलें, व त्याला 'बँक' म्हणत. मालिकेचा भाग त्यानें निर्मितीखर्चाहून कमी किंमतीस विकला होता, आणि तूट चित्रांच्या विक्रीहक्कांतून भरून काढावयाची होती. ३१ डिसेंबर १९६६ पर्यंत १९३ भाग झाले. स्तब्धतेचें कारण आठवड्याची मुदत आणि हिशेबाची वही ह्यांत इतकें सरळ सांपडत असतां त्यासाठीं आठशें वर्षें मागें जाण्याचें प्रयोजन उरत नाहीं.

८. निर्णय

तिन्ही कसोट्यांवर पाहतां ॲनिमे ही चित्रगुंडाळ्यांची औरस संतति ठरत नाहीं. तिचा जन्म विसाव्या शतकाच्या आरंभीं, परदेशी यंत्र, परदेशी नमुने, पाश्चात्य चित्रशिक्षण आणि देशी कारागिरी ह्यांच्या संकरांतून झाला.

कथांचा वारसा मात्र खरा आहे व तो आम्ही वेगळा मानितों. उराशिमाची कथा इ. स. ७२० च्या 'निहोन शोकि' ह्या ग्रंथांत आहे, आणि तिची परंपरा अखंड दाखवितां येते. परंतु कथेवरून कलेचा वंश ठरवूं नये. 'हाकुजादेन'ची कथा चिनी आहे. साको युगो ह्यानें, प्रा. बी. बी. लाल ह्यांच्या उत्खननांवर इ. स. १९८३ मध्यें माहितीपट करितांना सुचलेल्या कल्पनेवरून, राम मोहन ह्या भारतीय दिग्दर्शकाच्या सहकार्यानें रामायणावर ॲनिमे केला व तो इ. स. १९९२ च्या सुमारास पुरा झाला. त्यावरून जपानी रेषेचा उगम अयोध्येंत होता असें कोणी म्हणणार नाहीं.

मग ताकाहातांच्या मताचें काय ? आम्हांस तें एका दत्तकपत्रासारखें वाटतें. दत्तक हें शास्त्रसंमत नातें आहे. त्यानें नांव चालतें, हक्क चालतो, आणि पुष्कळदां दत्तक पुत्रच घराण्याची कीर्ति वाढवितो. मात्र त्याचा प्रारंभ दत्तकविधानाच्या तिथीपासून मोजावयाचा असतो. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत जपानी कलावंतांनीं आपल्या जुन्या गुंडाळ्यांकडे जाणूनबुजून पाहिलें व त्यांस पूर्वज म्हणून स्वीकारिलें, ही इतिहासांतील एक खरी घटना आहे. ताकाहातांच्या इ. स. २०१३ मधील 'कागुया-हिमे' ह्या चित्रपटांत कुंचल्याची तुटक रेषा आणि मोकळा सोडलेला कागद दिसतो, तो ह्या दत्तविधानानंतरचा वारसा होय. तो कमी प्रतीचा नाहीं. फक्त त्याची तारीख खरी लिहिली पाहिजे.

९. संग्राहकांस विनंती

ही तपासणी झाली ती बाजारांत पडलेल्या पट्ट्या व डबे कोणी ओळखले म्हणून. पुढच्या काळाची स्थिति ह्याहून बिकट आहे. ॲनिमेच्या निर्मितींत चित्रपटाखेरीज कथाचित्रांचे आराखडे, मूळ रेखाटनें, मधलीं रेखाटनें, रंगविलेले पारदर्शक ताव आणि वेळपत्रकें असे पुष्कळ कागद निर्माण होतात. वेळपत्रकाच्या एका तावावर सहा सेकंदांचीं १४४ घरें असतात व कोणतें चित्र कोणत्या घरीं जावयाचें तें त्यांत लिहिलेलें असतें. ग्रंथाचें मूळ हस्तलिखित आणि छापील प्रत ह्यांत जें नातें, तेंच ह्या कागदांचें व चित्रपटाचें आहे. काम संपल्यावर हे कागद बहुधा टाकून देत. पारदर्शक तावांचा वापर विसाव्या शतकाच्या अखेरीपासून वेगानें मावळला. 'साझाए-सान' ह्या इ. स. १९६९ पासूनच्या मालिकेनें ते सप्टेंबर २०१३ पर्यंत वापरले, मग तेहि संपलें. क्योतो ॲनिमेशन ह्या चित्रशाळेस १८ जुलै २०१९ रोजीं आग लावण्यांत आली, तींत ३६ माणसें मृत्युमुखीं पडलीं; त्या हानीपुढें कागदांची गोष्ट काढणेंहि जड वाटतें, परंतु कागदहि जळाले. हे मधले कागद जपण्यासाठीं जपानांत इ. स. २०१७ मध्यें एक संस्था स्थापन झाली आहे.

रंगविलेले ताव आज जगभर सुटे विकले जातात आणि आपल्या देशांतहि ते येऊं लागले आहेत. सचित्र पोथीचें एकेक पान फाडून विकावें तसाच हा प्रकार आहे. असा ताव ज्यांच्या हातीं येईल त्यांनीं त्याच्या कोपऱ्यांतील अक्षर व अंक पुसूं नये, कारण क्रमांतील त्याची जागा तेवढ्यावरूनच कळते. मागें चिकटलेला रेखाटनाचा कागद ओढून काढूं नये. आंबट वास येऊं लागल्यास तो ताव इतरांपासून वेगळा व थंड जागीं ठेवावा. कोणाकडून, केव्हां व कशाबरोबर घेतला तें टिपून ठेवावें. क्योतोच्या पट्टीचा काळ ठरविण्यास तिच्याबरोबरच्या सामानाची नोंद उपयोगी पडली. ती नोंद नसती, तर ५० चित्रांचें तें खेळणें आज खेळणेंच राहिलें असतें.